पोटदुखी थांबली, तरी नजर हटवू नका

लहान मुलाच्या पोटदुखीला आपल्या घरांत तयार उत्तरे पुष्कळ असतात. अजीर्ण झाले असेल, जंत झाले असतील, बेंबी सरकली असेल, नाही तर आज शाळेत जायचे नसेल. बहुतेक वेळा कारण खरोखरच किरकोळ असते. चिमूटभर ओवा आणि तासाभराची झोप एवढ्यावर मूल पुन्हा खेळायला लागते. परंतु थोड्या मुलांमध्ये दुखण्याचे मूळ जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेल्या स्वादुपिंडात असते. या ग्रंथीला एकाएकी सूज येते, त्या विकाराला स्वादुपिंडाचा तीव्र दाह किंवा ‘अक्यूट पॅन्क्रियाटायटिस’ म्हणतात. हा मोठ्या माणसांचा, विशेषतः मद्यपींचा आजार, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात दरवर्षी साधारण दहा हजार मुलांमागे एका मुलाला तो होतो.

यांपैकी बहुतेक मुले आठवडाभरात बरी होऊन घरी येतात, हे आधीच सांगून ठेवतो. उरलेल्या मुलांमध्ये मात्र आजार गुंतागुंतीचा होतो, आणि ती गुंतागुंत पहिल्याच दिवशी दिसेल असे नाही. काही उपद्रव पहिल्या ४८ तासांत उद्भवतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, काही महिना उलटल्यावर, तर काही वर्षांनंतर. मूल घरी आले की आईवडिलांना कामावर परतावे लागते आणि त्याच्याजवळ आजी किंवा आजोबा असतात. त्या दिवसांत काय पाहायचे आणि कोणती तपासणी कशासाठी असते, हे बसणाऱ्या माणसाला ठाऊक असले, तर निदान वेळेवर होते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

स्वादुपिंडात नेमके काय बिघडते?

स्वादुपिंड दोन कामे करते. इन्सुलिनसारखी संप्रेरके ते रक्तात सोडते आणि अन्न पचवणारे तीव्र पाचकरस एका नलिकेतून लहान आतड्यात पाठवते. हे पाचकरस ग्रंथीत असताना निष्क्रिय असतात; आतड्यात पोहोचल्यावर ते कार्यरत होतात. नलिकेची वाट अडली किंवा ग्रंथीला इजा झाली, की ते ग्रंथीतच जागे होतात आणि ज्या घरात जन्मले त्यालाच पचवू लागतात. त्यातून सूज येते, आजूबाजूला द्रव पाझरतो, आणि दाह तीव्र असेल तर त्याचे पडसाद फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रक्ताभिसरण यांच्यावर उमटतात.

मुलांमधील निदानासाठी २०१२ मध्ये बालतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तीन निकष मांडले, तेच आज सर्वत्र वापरतात. स्वादुपिंडाशी सुसंगत अशी पोटदुखी. रक्तातील अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक. आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दिसणारे बदल. तिन्हींपैकी दोन जुळले की निदान पक्के.

ही पोटदुखी मोठ्यांसारखीच असेल, अशी अपेक्षा ठेवू नका. मोठा माणूस सांगतो, की बेंबीच्या वर दुखते आणि कळ पाठीत जाते. मुलांपैकी फारच थोडी असे सांगतात. चार वर्षांचे मूल नुसते बेंबीकडे बोट दाखवते, वारंवार उलट्या करते आणि गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडून राहते. त्याहून लहान बाळ फक्त किरकिरते, दूध घेत नाही, त्याचे पोट फुगते. अगदी तान्ह्या बाळांत तर अमायलेज पुरेसे तयारच होत नसते, त्यामुळे त्यांच्या रक्तातील अमायलेज ‘नॉर्मल’ आले म्हणून आजार नाही, असे म्हणता येत नाही. तेथे लायपेज अधिक भरवशाचे.

कारण कळले, की पुढची दिशा कळते

मद्य आणि पित्ताशयातील खडे ही मोठ्यांमधील दोन मुख्य कारणे. मुलांमध्ये कारणांची यादी लांब आहे. पित्तमार्गातील खडे किंवा चिखलासारखा गाळ; पित्तनलिकेची जन्मजात फुगलेली रचना; पोटावर बसलेला मार; गालफुगी, डेंग्यू, कावीळ यांसारखे संसर्ग; नलिकेत शिरलेला जंत; काही औषधे; रक्तातील चरबी किंवा कॅल्शियम अतोनात वाढणे; आणि काही कुटुंबांत चालत आलेले जनुकीय दोष. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल आजाराची मुले आढळतात. त्यांच्या रक्तपेशी सतत फुटत असल्यामुळे कोवळ्या वयातच पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि असा खडा खाली घसरला तर स्वादुपिंडाची वाट अडवतो.

ही माहिती डॉक्टरांना घरच्यांकडूनच मिळायची असते. मूल फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएट घेते का, रक्ताच्या कर्करोगावर अस्पॅरॅजिनेजची इंजेक्शने चालू आहेत का, घरात कोणाला लहान वयात असाच आजार झाला होता का, शौचातून जंत पडले होते का, हे न विचारताही सांगा. फिट्सची गोळी मात्र शंकेपोटी स्वतःहून बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

माराची गोष्ट वेगळी आणि अधिक फसवी. समजा, नऊ वर्षांचा नातू सायकलवरून पडला आणि हँडलचे टोक त्याच्या पोटाच्या वरच्या भागात रुतले. बाहेरून खरचटणेही नसते. स्वादुपिंड नेमके तेथे पाठीच्या मणक्यांवर आडवे पसरलेले असते. हँडल आणि मणका यांच्यामध्ये ते चेपते. पहिल्या काही तासांत मूल चालते-बोलते, रक्तातील अमायलेजही कधी कधी वाढलेले नसते. म्हणून पोटावर मार लागला असेल आणि दुखणे किंवा उलट्या चालू असतील, तर काही तासांनी रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. रागावतील या भीतीने मुले पडल्याचे, भांडणात गुद्दा बसल्याचे सांगत नाहीत. मांडीवर डोके ठेवून पडलेला नातू ते आजीला सांगतो, आणि आजीच्या त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

आकडा उतरला, म्हणजे आजार उतरला का?

रुग्णालयात नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : “अमायलेज काल बाराशे होते, आज चारशे आहे, म्हणजे आता धोका टळला ना?” हा समज दूर करणे आवश्यक आहे. अमायलेज आणि लायपेज निदानासाठी उपयोगी आहेत. आजार किती गंभीर आहे, हे ते सांगत नाहीत. फार मोठा आकडा असलेले मूल चार दिवसांत हसत घरी जाते, आणि बेताचा आकडा असलेले मूल अतिदक्षता विभागात पोहोचू शकते. अमायलेज तर काही दिवसांतच आपोआप उतरते, मग आत गुंतागुंत होत असो वा नसो. उतरलेला आकडा कित्येक आठवड्यांनी पुन्हा वाढला किंवा चढलेलाच राहिला, तर मात्र त्याची दखल घ्यावी लागते.

तीव्रता मोजण्यासाठी मोठ्यांकरिता गुणपद्धती आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध रॅन्सन यांची, १९७४ सालची. तिच्यातील एक निकषच ‘वय ५५ च्या पुढे’ असा आहे. सात वर्षांच्या मुलाला ती लावून उपयोग काय? म्हणून बालरोगतज्ज्ञ प्रत्यक्ष अवयवांकडे पाहतात. श्वास, लघवी, रक्तदाब आणि शुद्धी हे चार खांब शाबूत आहेत ना, हे दिवसातून अनेकदा तपासले जाते.

पहिले ४८ तास : पाण्याचा हिशेब

या काळातील मोठा धोका शरीरातील पाणी कमी पडण्याचा. दाहामुळे रक्तातील द्रव भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो आणि पोटात, ऊतींत साचतो. रक्त दाटते, मूत्रपिंडांना पुरवठा कमी पडतो. म्हणूनच सुरुवातीला शिरेतून भरपूर सलाईन देतात आणि रक्ताचा दाटपणा, युरिया व क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा तपासतात. “एकदा रक्त काढले होते, पुन्हा कशाला?” असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथे एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची असते. युरिया चढत असेल, तर उपचार कमी पडत आहेत असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

तुम्ही पाहायची गोष्ट सोपी आहे : लघवी. सलाईन चालू असलेल्या मुलाला सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा अगदी थोडी व गडद झाली, तर परिचारिकेला लगेच सांगा. लघवी मोजायला भांडे दिले असेल, तर ती परस्पर शौचालयात जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट श्वास. पोटातील दाहामुळे फुप्फुसाभोवती, विशेषतः डाव्या बाजूला, पाणी जमू शकते. अधिक गंभीर आजारात फुप्फुसांनाच सूज येते. मूल भराभर श्वास घेऊ लागते, बोलताना मध्येच थांबते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोविडच्या काळापासून घरोघरी परिचयाचे झाले आहे. त्यावरील आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला तर ती धोक्याची सूचना समजा. या मुलांच्या छातीचा एक्स-रे काढतात तो यासाठीच. दुखते पोटात आणि फोटो छातीचा, यात विसंगती काही नाही.

तिसरी गोष्ट कॅल्शियम. स्वादुपिंडातील लायपेज जवळच्या चरबीवर तुटून पडते आणि त्यातून सुटलेली आम्ले रक्तातील कॅल्शियमशी जोडली जातात. साबण तयार होण्याचीच ही रासायनिक क्रिया. ती पोटात घडते आणि रक्तातील कॅल्शियम घटते. ओठांभोवती मुंग्या येणे, हाताची बोटे आखडून एकत्र येणे, क्वचित झटका येणे ही त्याची लक्षणे. मूल “हात वाकडा होतोय” म्हणाले, तर ते नाटक समजू नका. याच दिवसांत रक्तातील साखरही तात्पुरती वाढू शकते. तेवढ्यावरून मुलाला मधुमेह झाला, असा निष्कर्ष काढू नये.

एखाद्या अवयवाचे काम बिघडले आणि ४८ तासांच्या आत सावरले, तर आजार मध्यम तीव्रतेचा मानतात. बिघाड त्याहून अधिक काळ टिकला, तर आजार तीव्र. ही ४८ तासांची रेषा डॉक्टरांच्या बोलण्यात वारंवार येते, तिचे कारण हे आहे.

सीटी स्कॅन आजच का नाही?

पहिल्या दिवशी मुलाची सोनोग्राफी होते. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, मुलाला झोपवून ठेवणारे औषध सहसा द्यावे लागत नाही, आणि पित्ताशयातील खडे, फुगलेली पित्तनलिका, प्रसंगी नलिकेतला जंतही तिच्यात दिसतो. आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंड मात्र पूर्ण दिसेलच असे नाही.

“मग लगेच सीटी स्कॅन करून टाका, पैशाचे पाहू,” असे काळजीने बोलले जाते. पण स्वादुपिंडाचा एखादा भाग रक्तपुरवठा तुटून मृत झाला आहे का, हे सीटीमध्ये स्पष्ट व्हायला वेळ लागतो. आजार सुरू झाल्यापासून ७२ ते ९६ तासांच्या आत काढलेला सीटी हे नुकसान कमी दाखवू शकतो आणि खोटा दिलासा देऊन जातो. शिवाय मुलांच्या वाढत्या शरीराला अनावश्यक किरणोत्सर्ग नको. निदानच संशयात असेल, पोटावर मार असेल किंवा प्रकृती ढासळत असेल, तर सीटी लवकर करतात. एरवी थांबणे हा हलगर्जीपणा नसतो. नलिकांची रचना पाहण्यासाठी एमआरसीपी ही एमआरआयची तपासणी उपयोगी पडते. तिच्यातही किरणोत्सर्ग नसतो, फक्त मुलाला स्थिर राहावे लागते, म्हणून लहानग्यांना गुंगीचे औषध देतात.

दुसरा-तिसरा आठवडा : परतलेला ताप

पहिल्या आठवड्यात ताप आला, तर तो केवळ दाहाचा असू शकतो. जंतुसंसर्ग नसतानाही ताप येतो, आणि म्हणूनच केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविके देण्याची पद्धत आता राहिलेली नाही. तशी औषधे दिली नाहीत, यावरून डॉक्टरांवर रागावू नका.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातील तापाचा अर्थ वेगळा असतो. दुखणे कमी झाले होते, मूल थोडे खाऊ लागले होते, आणि एकाएकी थंडी वाजून ताप आला, पोट पुन्हा दुखू लागले, चेहरा मलूल झाला. स्वादुपिंडाच्या मृत झालेल्या भागात जंतूंनी शिरकाव केला असण्याची शक्यता अशा वेळी प्रथम विचारात घ्यावी लागते. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढतात. सीटीमध्ये मृत भागात वायूचे बुडबुडे दिसले, तर संसर्गाचा तो बळकट पुरावा मानतात. अशा वेळी प्रतिजैविके नक्कीच लागतात, आणि मुलाला बालशल्यचिकित्सक व बाल-पोटविकारतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. घरी आलेल्या मुलाचा हा ताप ‘हवा बदलली’ म्हणून पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढण्यासारखा नाही.

चौथ्या आठवड्यानंतर : भिंत धरलेले पाणी

स्वादुपिंडाभोवती सुरुवातीला पाझरलेला द्रव बऱ्याच मुलांत आपोआप जिरून जातो. जो उरतो, त्याभोवती साधारण चार आठवड्यांत पक्की भिंत तयार होते. अशा द्रवाच्या पिशवीला ‘स्युडोसिस्ट’ म्हणतात. तिच्यात मृत ऊतीही असतील, तर तो प्रकार वेगळा मानतात, कारण ती रिकामी करणे अधिक अवघड असते. द्रवसंचयांची ही विभागणी २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणातून आली. चार आठवड्यांची सीमा तेथूनच रूढ झाली आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख ठरवायला ती उपयोगी पडते.

स्युडोसिस्ट कसा ओळखावा? मूल दोन घास खाते आणि “पोट भरले” म्हणते. जेवणानंतर उलटी होते. बेंबीच्या वर फुगीरपणा जाणवतो, शर्टाची खालची बटणे ताणली जातात, वजन मात्र घटते. पोटावर मार लागलेल्या मुलांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. सोनोग्राफीत तो सहज दिसतो. लहान आणि त्रास न देणारा स्युडोसिस्ट बहुधा नुसता पाहत राहतात. अनेक आपोआप विरतात. वाढणारा, दुखणारा, संसर्ग झालेला किंवा जठराची वाट अडवणारा असेल, तर तो रिकामा करावा लागतो, आणि आता मोठ्या केंद्रांत हे काम बरेचदा दुर्बिणीतून, जठराच्या भिंतीतून होते. भिंत पक्की होईपर्यंत थांबल्याने ते अधिक सुरक्षित होते.

येथे आपल्या देशापुरती एक विशेष सूचना. स्वादुपिंडाची नलिका फाटली, तर रस हळूहळू पोटाच्या पोकळीत किंवा छातीत गळत राहतो. मुलाचे पोट पाण्याने फुगते किंवा फुप्फुसाभोवती पुन्हा पुन्हा पाणी भरते. आपल्याकडे असे पाणी दिसले, की प्रथम क्षयरोगाचा विचार येतो, आणि तो योग्यच आहे. पण काढलेल्या पाण्यात अमायलेज तपासले, तर दोन्हींतील फरक कळायला मोठी मदत होते. स्वादुपिंडातून गळणाऱ्या पाण्यात ते प्रचंड वाढलेले असते. मुलाला मागे तीव्र पोटदुखीचा आजार होऊन गेला असेल, पोटावर मार लागला असेल, तर पाणी काढण्यापूर्वी हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणखी एक दुर्मीळ पण गंभीर उपद्रव रक्तवाहिन्यांचा. दाहामुळे जवळची धमनी कमकुवत होऊन फुगते व फुटू शकते, किंवा प्लीहेच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन जठरातील शिरा फुगतात. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, एकाएकी पांढरा पडलेला चेहरा, थंड घाम यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि ‘स्वादुपिंडाच्या आजारातून उठलेले मूल आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

महिने आणि वर्षे

एकदा हा आजार होऊन गेलेल्या मुलांपैकी सुमारे १५ ते ३५ टक्के मुलांना तो पुन्हा होतो, असे प्रकाशित अभ्यास सांगतात. दुसऱ्यांदा आजार झाला, की कारणाचा शोध अधिक खोलवर घ्यावा लागतो : एमआरसीपी, रक्तातील चरबी व कॅल्शियम, आणि आवश्यक तर जनुकीय तपासणी. वारंवार दाह होत राहिला, तर ग्रंथी कायमची आक्रसते.

तिचे बिघडलेले काम दोन रूपांत दिसते. पाचकरस कमी पडले, तर शौच तेलकट, चिकट, अति दुर्गंधीयुक्त होते, पाण्यावर तरंगते आणि मुलाचे वजन वाढत नाही. शौचातील इलॅस्टेज या घटकाच्या तपासणीतून हे कळते आणि पाचकरसांच्या कॅप्सूल देऊन भरून काढता येते. इन्सुलिन कमी पडले, तर मधुमेह होतो. त्यासाठी आजारानंतर तीन ते सहा महिन्यांनी उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी पाहण्याचा सल्ला दिला जातो. एचबीए१सी हे नाव तुमच्या स्वतःच्या तपासण्यांमुळे ओळखीचे असेल. नातवाच्या कागदांतही ते दिसले, तर दचकू नका. ती खबरदारी आहे.

घरी काय करावे, काय टाळावे

पूर्वी अशा रुग्णाला अनेक दिवस उपाशी ठेवत, ‘ग्रंथीला विश्रांती’ म्हणून. आता सौम्य आजारात उलट्या थांबल्यावर, सहसा ४८ ते ७२ तासांच्या आत, तोंडाने किंवा नळीने अन्न सुरू करतात. आतडे चालू राहिले, तर मूल लवकर सावरते, असा अनुभव आहे. म्हणून डॉक्टरांनी मऊ भात खाऊ घालायला सांगितले, तर घाबरून पेज देत बसू नका. आणि ‘अशक्तपणा आला’ म्हणून तुपात न्हालेला शिरा, काढे, टॉनिके, बाजारातील पाचके यांचा माराही करू नका. जेवढे सांगितले तेवढे, थोडे थोडे, मुलाच्या भुकेप्रमाणे.

पोट चोळणे, बेंबी बसवून घेणे, एरंडेल पाजणे या गोष्टी या आजारात, विशेषतः मारानंतर, निश्चित टाळा. स्युडोसिस्ट असलेल्या पोटावर दाब पडणे धोक्याचे ठरू शकते. तुमच्या स्वतःच्या सांधेदुखीची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. तसेच सहा आठवडे तरी सायकल, कबड्डी, झाडावर चढणे यांबाबत डॉक्टरांची परवानगी घ्या.

एक वही ठेवा. तिच्यात रोज पाच गोष्टी लिहा : ताप, दुखणे, उलट्या, लघवी व शौच, आणि किती खाल्ले. आठवड्यातून एकदा, एकाच वजनकाट्यावर, वजन. डॉक्टरांच्या दृष्टीने ही वही अनेक महागड्या तपासण्यांच्या तोडीची आहे, कारण आठवणीतला ताप नेहमी ‘थोडासा’ असतो आणि वहीतला ताप १०२ असतो.

ताबडतोब रुग्णालयात न्यावे अशी लक्षणे

• घरी आल्यानंतर पुन्हा सुरू झालेली तीव्र पोटदुखी किंवा न थांबणाऱ्या उलट्या
• दुसऱ्या आठवड्यानंतर नव्याने आलेला ताप
• भराभर किंवा कष्टाने चालणारा श्वास
• सहा ते आठ तास लघवी न होणे, अतिसुस्ती, गोंधळलेपण
• पोटाचा वाढता फुगीरपणा, डोळे पिवळे होणे
• हाताची बोटे आखडणे किंवा झटका
• रक्ताची उलटी, काळे शौच, एकाएकी आलेला फिकेपणा

रुग्णालयातून सुटताना मिळालेल्या कागदावर पुढील भेट आणि पुढील सोनोग्राफी यांच्या तारखा असतात. त्या नसतील, तर मागून घ्या. महिन्याभराने मूल शाळेत जाऊ लागते, मित्रांबरोबर ओरडत खेळते आणि “आता कशाला उगीच?” हा प्रश्न घरात कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे : चार-सहा आठवड्यांची सोनोग्राफी पिशवी धरली आहे का हे पाहते, आणि तीन-सहा महिन्यांची साखर इन्सुलिनचे काम पाहते. दोन्हींच्या वेळी मूल दिसायला अगदी बरे असते. त्या दोन तारखा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आजच लाल पेनाने मांडून ठेवा.